पेटी मालकानंच उघडायची

गाडीच्या मागच्या फळीवर पेटी ठेवून एइनोनं ती पुन्हा एकदा उघडली. बंदूक मऊ गादीत पडून होती. बोल्ट काढून शेजारी ठेवलेला, जुन्या मोज्यात गुंडाळून. काडतुसांचा पत्र्याचा डबा मोठ्या बॅगेत, त्याला वेगळं कुलूप. सगळं जिथल्या तिथं होतं. त्यानं नळीवरून अंगठा फिरवून नसलेली धूळ पुसली, झाकण लावलं, कुलूप दाबलं, दोनदा ओढून पाहिलं आणि चाव्यांचं कडं मेनीर फोल्करच्या, म्हणजे फार्मच्या साहेबाच्या, हातावर ठेवलं.

"आता पुरे, टाटे," त्याची मुलगी राउहा म्हणाली. "फार्मवर पाहिलीत, पेट्रोल पंपावर पाहिलीत, आता इथं. आईकडे एवढ्या वेळा वळून पाहिलं असतंत तर ती सुखानं गेली असती."

"तुझी आई हरवण्यातली नव्हती," एइनो म्हणाला. "उलट मलाच शोधून काढायची."

मेनीर फोल्कर हसला. बोअरच्या पंपाचा तुटलेला दांडा त्याच्या गाडीत पडला होता आणि विंडहुकमधलं दुकान बंद व्हायच्या आत त्याला तिथं पोचायचं होतं. तरी एइनोला ओचिवारोंगोच्या फार्मवरून इथं विमानतळावर आणायचं काम त्यानं दुसऱ्या कुणावर सोपवलं नव्हतं. त्यानं एइनोचा हात हातात घेतला, जरा जास्तच वेळ धरला आणि मग अवघडून सोडला.

"मोठं जनावर पाड. आणि थंडीत गोठून बसू नकोस. पुढच्या महिन्यात ऑस्ट्रियाचे पाहुणे यायचेत, त्यांना कोण सांभाळणार?"

"त्यांना रानातली कुडू हरणंच सांभाळतील, मेनीर. नेम पाहिलाय मी त्यांचा."

पांढरी लँड क्रूझर धूळ उडवत गेली. ऑक्टोबरच्या त्या रखरखीत उन्हात एइनो शिवुते डोक्यावर लोकरीची टोपी घालून उभा होता. टोपी फिनलंडहून पोस्टानं आली होती आणि ती काढायला तो तयार नव्हता.

एइनो माग काढणारा. उभी हयात त्यानं पाहुण्यांच्या पुढं चालण्यात घालवली होती. लोक देशोदेशीहून बंदुका घेऊन यायचे, एइनो मातीतल्या खुणा वाचत त्यांना जनावरापर्यंत न्यायचा, बाजूला सरकायचा, कानात बोटं घालायचा. मग फोटो. फोटोत पाहुणा, जनावर आणि बंदूक. एइनो कधीमधी असला तर कडेला, अर्धा. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. माग काढणं ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि त्यात आपला हात धरणारा कुणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग पेंटी आला. फिनलंडचा, अबोल, सुतारकाम करणारा माणूस. त्याची गोळी लागून पळालेला कुडू एइनोनं दिवस मावळेपर्यंत खडकाळ रानातून शोधून काढला होता, रक्ताचा थेंब दिसेनासा झाल्यावरसुद्धा. त्या संध्याकाळी पेंटीनं त्याचं नाव विचारलं आणि ऐकून खुर्चीतून उठलाच. "एइनो? अरे, आमच्या गावात तर दर दुसऱ्या घरात एक म्हातारा एइनो आहे!" एकेकाळी फिनलंडचे मिशनरी ओवांबोंच्या, म्हणजे एइनोच्या लोकांच्या, मुलखात आले आणि नावं पेरून गेले, त्याला कोण काय करणार. पण पेंटीला वाटलं, आपल्याच गावचा कुणीतरी भेटला. शेवटच्या खेपेला जाताना तो आपली बंदूक रीतसर एइनोच्या नावावर करून गेला. परवाना हातात पडेपर्यंत एक पावसाळा येऊन गेला, पण पडला. तेव्हापासून बंदूक एइनोची होती. राहायची मात्र मेनीर फोल्करच्या लोखंडी कपाटात, कारण फार्मवर दुसरं कपाटच नव्हतं.

आणि आता पेंटीनं बोलावलं होतं. मूस नावाच्या हरणाच्या शिकारीला. हरीण म्हणजे काय, घोड्याला वरून पाहील एवढं जनावर. पेंटीनं त्याच्या पावलाचा फोटो पाठवला होता, शेजारी काड्यापेटी ठेवून. एइनोनं तो फोटो इतक्या वेळा पाहिला होता, की ते जनावर कुठल्या पायावर भार देऊन वळलं असेल हेही त्याला सांगता आलं असतं. खाली पेंटीनं लिहिलं होतं, की इथं तू माग काढायचा नाहीस, माग कुत्रा काढतो. तू उभा राहायचंस आणि गोळी घालायचीस.

"म्हणजे तिथं माझं काम कुत्रा करतो," एइनो सगळ्या फार्मभर सांगत सुटला होता. सांगताना हसत होता.

"आता ऐका," दारातून आत शिरताना राउहा म्हणाली. ती विंडहुकला दवाखान्यात नर्स होती आणि बापाशीही पेशंटशी बोलावं तशी बोलायची. "पोलिसांच्या काउंटरवर काय ते खुशाल बोला. पण पुढं तपासणीच्या दारात 'बंदूक' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. थट्टेतसुद्धा नाही. लोकांची विमानं चुकलीत त्यापायी. कुणी विचारलं तर 'सामान' म्हणायचं."

"सामान."

"पुन्हा म्हणा."

"सामान, सामान, सामान. तू लहान असताना मी तुला एवढं पढवलं नव्हतं."

पोलिसांच्या काउंटरवर घरी परतणाऱ्या जर्मन शिकाऱ्यांची रांग होती. प्रत्येकाच्या हातात तसलीच लांब पेटी. चेहरे उन्हानं सोललेले, अंगात तेच ते हिरवे शर्ट. एइनो त्यांच्यात उभा राहिला. पुढच्या माणसानं आपली पेटी खाली ठेवली तेव्हा एइनो ती उचलायला अर्धा वाकलाही. राउहानं त्याची बाही ओढली.

त्याची पाळी आली. काउंटरमागं सार्जंट हाउफिकू होत्या. चांगल्या धिप्पाड बाई, चष्मा कपाळावर चढवलेला.

"इथं ठेवा," त्या वर न पाहता म्हणाल्या. "आणि तुमच्या पाहुण्यांना बोलवा. पेटी मालकानंच उघडायची असते."

एइनोनं मागं वळून पाहिलं. मागं रांगेत आपापल्या पेट्या धरलेले जर्मन होते, पण त्याचा पाहुणा कुणी नव्हता. पलीकडं एक बाई आपल्या पोराचं नाक पुसत होती.

"मालक..." त्याचा आवाज बारीक झाला. त्यानं परवाना आणि पासपोर्ट पुढं सरकवला. "मालक मीच, मेमे."

सार्जंटबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. परवाना पाहिला, पासपोर्ट पाहिला, लोकरीची टोपी पाहिली.

"माफ करा, टाटे. रोजची सवय. पेटी घेऊन येणारा एक आणि मालक दुसराच."

"माफी कसली. मीसुद्धा वळून पाहिलंच की."

बाई खळखळून हसल्या. "कुठं निघालात?"

"फिनलंड. मूस."

"अरे वा! मग उघडा. नंबर ताडून पाहते आणि मोकळं करते तुम्हाला."

एइनोचा हात खिशाकडे गेला. मग दुसऱ्या खिशाकडे. मग छातीवरच्या. मग कोटाच्या आतल्या, ज्यात पेंटीचं पत्र होतं. चौथा खिसा चाचपताना हात आपोआप थांबला, कारण हाताला आठवलं होतं. मेनीर फोल्करचा हात, उन्हानं केशरी ठिपके आलेला, आणि त्यावर चाव्यांचं कडं.

"राउहा," तो म्हणाला. "चावी मेनीरकडे आहे."

"त्यांच्याकडे कशी गेली?"

"मी दिली."

"का?"

पाहुण्यांची बंदूक पुसायची, पेटी बंद करायची, कुलूप ओढून पाहायचं, चावी मेनीरच्या हातावर ठेवायची. हे त्यानं इतक्या वेळा केलं होतं, की आता तो ते करत नव्हता, ते आपलं आपणच व्हायचं.

"बंदूक कुणाची आहे, टाटे?"

"माझी."

"मग चावी दुसऱ्याला..."

"अगं, हात गेला!"

"जित्याची खोड," राउहा म्हणाली आणि म्हण अर्धीच सोडून फोन काढून बसली. मेनीर फोल्करचा फोन वाजला, वाजत राहिला, थांबला. गाडी चालवताना तो फोन समोरच्या कप्प्यात टाकून द्यायचा. फोनवर माणसानं उभं राहून बोलावं असं त्याचं मत होतं.

विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी मान उंचावून पाहायला लागली. मूसची शिकार चालायची आठवडाभर, पेंटीच्या गावची टोळी परवा पहाटे रानात शिरणार होती. आजचं विमान चुकलं तर पुढचं मिळेपर्यंत तिकडे सगळं आटोपलेलं असणार. हातातोंडाशी आलेला घास एका बोटभर चावीनं अडवला होता.

रांगेतला एक जर्मन पुढं आला. "कुलूप तोडा ना. पक्कड मागवू."

"तोडा की," सार्जंटबाई म्हणाल्या. "मी नंबर पाहीन, शिक्का मारीन. पण बिनकुलपाची पेटी विमानात कोण घेणार? आणि काडतुसांच्या डब्यालाही कुलूप असेलच ना?"

"त्याची चावी त्याच कड्यात," एइनो म्हणाला.

राउहा धावत जाऊन दुकानांतून फिरून आली. दुकानांत लाकडी जिराफ होते, शहामृगाच्या अंड्यांचे दिवे होते, आणि एक गुलाबी कुलूप होतं, नखाएवढं. सार्जंटबाईंनी ते दोन बोटांत धरून पाहिलं. "यानं तर माझा जेवणाचा डबासुद्धा राखला जायचा नाही."

एइनो पेटीवर हात ठेवून उभा होता. टोपीखालून घाम कानांवर ओघळत होता. सार्जंटबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग उसासा टाकून वायरलेस उचलला. शहराच्या रस्त्यावर पोलिसांचा नाका होता. विंडहुकला जाणाऱ्या प्रत्येकाला तिथं थांबावंच लागायचं.

"एक गाडी अडवून चालवणाऱ्याला परत पाठवायचं आहे, त्याच्या खिशात इथल्या पेटीची चावी आहे. पांढरी लँड क्रूझर."

वायरलेस खरखरला. "मेमे, समोर चार उभ्या आहेत. त्यातली कुठली?"

बाईंनी यंत्र एइनोच्या तोंडासमोर धरलं. "सांगा खूण."

एइनोचा वाकलेला पाठीचा कणा जरा सरळ झाला. हे त्याला येत होतं.

"डावा दिवा फुटलेला," तो हळू आवाजात म्हणाला. शिकारीत जनावर जवळ असलं की बोलायचा त्याच आवाजात. "मागचं उजवं चाक नवं, बाकीची झिजलेली. मागं पंपाचा दांडा आहे, तो वळणावर वाजतो. चालवणारा कोपर खिडकीबाहेर काढून बसतो. कोपर भाजून लाल झालेलं असेल. वेग कमी. इतर गाड्या त्याला मागं टाकून जातील. तो कुणाच्या मागं लागत नाही."

जर्मन शिकारी जवळ सरकले. त्यांना भाषा कळत नव्हती, पण हा सूर कळत होता.

"गेला का तो?" एइनोनं विचारलं. "गेला असेल तर शहराच्या अलीकडं डावीकडं चहाची टपरी आहे, तिथं थांबेल. चहा पिऊनच पुढं..."

"थांबा, थांबा," वायरलेस ओरडला. "एक येतेय. दिवा फुटलेला आहे. कोपर... कोपर आहे! लाल आहे!"

"हळू घ्या," एइनो म्हणाला. "घाबरत नाही, पण चिडतो."

पलीकडून आरडाओरडा ऐकू आला, मग जर्मन भाषेतली एक ठसठशीत शिवी. मग पोलिसाचा आवाज: "खिसा तपासतायत. मिळाली! ते म्हणतात, ही माझ्या खिशात कुणी टाकली?"

राउहा मटकन बॅगेवर बसली आणि हसू लागली. एइनोचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता. जनावर दिसणं वेगळं आणि हाती लागणं वेगळं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

वाट पाहताना त्यानं बॅगेच्या वरच्या कप्प्यातून कागदाची पुडी काढली. त्यात बिल्टोंग होतं, स्वतः वाळवलेलं कुडूचं मांस. पेंटीसाठी नेत होता. मांस तिकडे नेऊ देत नाहीत, असं राउहानं सांगितल्यावरही त्यानं ते गुपचूप भरलं होतं.

"टाटे!" राउहा किंचाळली.

"काढलं ना आता. घ्या, मेमे."

"ही लाच तर नाही?" सार्जंटबाईंनी विचारलं.

"लाच कामाआधी देतात. काम तर तुम्ही केलंत."

बाईंनी तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि पुडी रांगेतल्या जर्मनांकडे सरकवली. काउंटर बंद करायला आलेली विमान कंपनीची मुलगीसुद्धा एक तुकडा घेऊन तिथंच घुटमळली.

मेनीर फोल्कर दारातून आला तो धावतच. इतक्या वर्षांत एइनोनं त्याला धावताना पाहिलं नव्हतं, चिडलेल्या गेंड्यापुढंसुद्धा नाही. टोपी हातात, चेहरा कोपराइतकाच लाल, दुसऱ्या हातात चाव्या उंच धरलेल्या.

"चोर समजून उतरवलं मला! खिसे उलटे करायला लावले, सगळ्या रस्त्यासमोर!" तो धापा टाकत म्हणाला. "ही आली कुठून माझ्या खिशात?"

"मी दिली, मेनीर."

"आणि मी घेतली?"

"घेतलीत."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग फोल्कर पेटीकडे वळला, चावी कुलपात घातली, आणि सार्जंटबाईंनी हातातल्या पेननं त्याच्या बोटांवर टकटक केलं.

"अहो, थांबा. पेटी मालकानंच उघडायची."

फोल्करनं हात मागं घेतला. चावी कुलपातच लोंबकळत राहिली. त्यानं एइनोकडे पाहिलं, पहिल्यांदाच पाहावं तसं, लोकरीच्या टोपीपासून पॉलिश केलेल्या बुटांपर्यंत.

"मालक हे आहेत," तो बाईंना म्हणाला. फार्मवर त्यानं एइनोचा उल्लेख कधी असा केला नव्हता. राउहानं चमकून पाहिलं. एइनोनं ऐकलं की नाही, कळलं नाही. तो चावी फिरवत होता.

झाकण उघडलं. सार्जंटबाईंनी नंबर ताडून पाहिला, नळीतून आरपार उजेड पाहिला, काडतुसांचा डबा हातात तोलला, शिक्का मारला. शिक्का जरा जास्तच जोरात मारला आणि रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली.

एइनोनं बोल्ट पुन्हा मोज्यात गुंडाळला. झाकण लावलं. कुलूप दाबलं, दोनदा ओढून पाहिलं. आणि त्याचा हात, चावी घेऊन, पुन्हा फोल्करच्या दिशेनं पुढं झाला.

फोल्करनं दोन्ही हात पँटच्या खिशात खुपसले आणि छताकडे पाहू लागला. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

हात तसाच हवेत राहिला. एइनोनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग हात मागं आला आणि चावी स्वतःच्या खिशात टाकून बाहेर पडला.

"जा आता," फोल्कर छताशीच बोलला. "विमान काही तुझ्यासाठी थांबायचं नाही."

पेटी पट्ट्यावरून सरकत पडद्याआड गेली. एइनो ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला, आणि मग भराभर चालायला लागला. पाठीमागून राउहा ओरडून काहीतरी सांगत होती, आतल्या गर्दीत ते विरून गेलं. त्याला मूसचं पाऊल दिसत होतं, काड्यापेटीशेजारचं. परवा या वेळेला तो उभा असेल. कुणाच्या पुढं नाही, कडेला नाही. फक्त उभा. त्याची छाती इतकी धडधडत होती की तपासणीच्या चौकटीतून जाण्याआधीच यंत्र वाजेल असं त्याला वाटलं.

यंत्र वाजलंच. तपासणीवरचा तरुण शिपाई पुढं आला.

"खिशात काय राहिलं, टाटे?"

एइनोनं कडं काढून तळहातावर धरलं. "चावी."

"कसली?"

काचेपलीकडे राउहा उभी होती. तिनं दोन्ही हात तोंडापाशी नेऊन ओठांनीच एक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. सामान. सामान. तिच्याशेजारी मेनीर फोल्कर उभा होता, हात अजून खिशातच.

एइनोनं मुलीकडे पाहिलं. शब्द त्याच्या चांगला लक्षात होता.

"माझ्या बंदुकीची," तो म्हणाला.

रांगेतले लोक जागच्या जागी थिजले. काचेपलीकडे राउहानं कपाळावर हात मारून घेतला. शिपाई एक पाऊल मागं सरला, त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू त्यानं संशयानं न्याहाळलं, आणि सावकाश, एकेक शब्द तोडत म्हणाला, "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

एइनोनं टोपी काढली, आणि मोठ्यांदा, काचेपलीकडेही ऐकू जावं अशा आवाजात, पुन्हा सांगितलं.